रॅम वाढवली की कॉम्प्युटर पळतो का? साठ वर्षं जुना एक प्रश्न

मी कॉम्प्युटरवर काम करते म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘घरचा पीसी फार स्लो झालाय गं, रॅम टाकून घेऊ का?’ आता खरं तर माझं संशोधन पदार्थविज्ञानातलं. पदार्थातले इलेक्ट्रॉन कसे वागतील याची गणितं मी कॉम्प्युटरकडून सोडवून घेते. पण मेमरी कमी पडणं म्हणजे काय, हे त्या कामात रोज समोर येतं. म्हणून या वेळी माझा विषय थोडा बाजूला ठेवून या प्रश्नाचा इतिहास सांगते.

छोटं उत्तर आधीच देऊन टाकते. रॅम वाढवल्याने कॉम्प्युटरचा वेग वाढत नाही, त्याचं थांबणं कमी होतं. तो थांबतच नसेल तर वाढवलेली रॅम नुसती पडून राहते. हे वाक्य नीट पटायचं असेल तर आधी आपल्याकडच्या साखर कारखान्यात जाऊन येऊ.

यार्ड, गव्हाण आणि शिवार

हंगाम सुरू झाला की शिवारातून ऊस येतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या यार्डात रांगेने लागतात. यार्डातून ऊस गव्हाणीत पडतो आणि तिथून मिलमध्ये जातो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. मिल म्हणजे प्रोसेसर. यार्ड म्हणजे रॅम. आणि लांबवर पसरलेलं शिवार म्हणजे हार्ड डिस्क, जिथे सगळा माल कायमचा असतो.

यार्ड लहान असेल आणि शिवारातून पुढची खेप यायला वेळ लागत असेल, तर ‘नो केन’ होतं. मिल धडधाकट असते, पण गाळप बंद. अशा वेळी यार्ड मोठं केलं की फरक पडतो. पण यार्डात आधीच चोवीस तास पुरेल एवढा ऊस उभा असेल, तर ते दुप्पट करून काय होणार? मिल तिच्या क्षमतेएवढंच गाळणार.

या उपमेत एक फरक मात्र लक्षात ठेवा. ऊस एकदा गाळला की संपला, डेटा मात्र पुन्हा पुन्हा लागतो. त्यामुळे यार्डातून काय बाहेर काढायचं आणि काय ठेवायचं, हा कॉम्प्युटरपुढचा जास्तीचा प्रश्न आहे. या लेखातला बराचसा इतिहास त्याच प्रश्नाचा आहे.

आता अंतरं बघा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट जास्त. रॅमची फेरी एक सेकंदाची धरली, तर डिस्कची फेरी जवळजवळ २८ तासांची होते. एसएसडी असेल तर तीच फेरी १५-२० मिनिटांवर येते. हे तीन आकडे डोक्यात असू द्या, पुढे पुन्हा पुन्हा लागतील.

मुंबईतले १० किलोबाइट

भारतात बनलेल्या सुरुवातीच्या मोठ्या कॉम्प्युटरची गोष्ट मुंबईची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक यंत्र उभं राहिलं. आधी छोटा प्रायोगिक नमुना झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागलं. त्याला पुढे ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. त्याची मुख्य मेमरी होती फेराइटच्या बारीक कड्यांची, प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढी. गुणाकार करून बघा: ८१,९२० बिट, म्हणजे बरोबर १० किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही यात मावणार नाही.

एवढ्या जागेत शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली. कशी? कधी काय आत ठेवायचं आणि कधी काय बाहेर काढायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. गणित मोठं असेल तर त्याचे तुकडे पाडायचे. त्या काळात ‘मेमरी वाढवली तर यंत्र पळेल का’ हा प्रश्न फारसा पडतच नसे. गणित मावतंय की नाही, एवढाच प्रश्न होता.

मँचेस्टर, १९६२: नसलेली जागा असल्यासारखी दाखवणं

मेमरी आणि वेग यांची गाठ पडली ती ॲटलस या यंत्रामुळे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी ते बांधलं, उद्घाटन झालं डिसेंबर १९६२ मध्ये. मेमरी फार महाग होती, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. १६ हजार शब्दांची जलद मेमरी आणि तिच्या जोडीला फिरत्या ड्रमवर ९६ हजार शब्दांची संथ साठवण. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. ५१२ शब्दांचं एकेक ‘पान’ लागेल तसं यंत्रच आत आणायचं आणि बाहेर न्यायचं.

हीच आजची व्हर्च्युअल मेमरी. तुमच्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम असताना १० जीबीचं काम चालतं, बंद पडत नाही, ते या युक्तीमुळे. पण ‘चालतं’ आणि ‘पळतं’ यात फरक आहे. आधी काम मावलं नाही तर यंत्र सरळ नाही म्हणायचं. आता ते हो म्हणतं आणि रांगायला लागतं. घरचा पीसी स्लो होण्याचं एक मोठं कारण इथे जन्माला आलं.

१९६८: एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने रोग ओळखला

साठच्या दशकात एकाच यंत्रावर अनेकांची कामं एकदम चालवायला सुरुवात झाली आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. कामं वाढवत न्यावी तसं एका मर्यादेपर्यंत सगळं छान चालायचं आणि मग अचानक यंत्र जवळजवळ ठप्प व्हायचं. हळूहळू नाही, एकदम. कडा कोसळावा तसं.

एमआयटीत पीएचडी करणाऱ्या पीटर डेनिंगने १९६८ साली याचं स्पष्टीकरण दिलं. कुठलाही प्रोग्राम आपली सगळी पानं सारखी वापरत नाही. एका काळात त्याला ठराविक पानंच पुन्हा पुन्हा लागतात. या पानांच्या गठ्ठ्याला त्याने ‘वर्किंग सेट’ म्हटलं. आपण त्याला चालू पसारा म्हणू. चालू पसारा रॅममध्ये मावतो तोवर सगळं ठीक. तो मावेनासा झाला की प्रत्येक पान आत आणताना दुसरं कामाचं पान बाहेर जातं आणि लगेच तेच परत लागतं. प्रोसेसर डिस्ककडे तोंड करून बसून राहतो. याला म्हणतात ‘थ्रॅशिंग’. त्यातही वाईट म्हणजे प्रोसेसर रिकामा दिसतोय म्हणून व्यवस्था आणखी कामं आत घ्यायची आणि गोंधळ अजून वाढायचा.

कडा का कोसळतो, हे साध्या हिशेबाने दिसतं. मघाचेच आकडे घेऊ.

दहा लाख वेळा मेमरी वापरताना एकदाच डिस्कवर जावं लागलं, तर सरासरी वेळ १०० ऐवजी ११० नॅनोसेकंद होतो. तुम्हाला कळणारही नाही.

एक लाखात एकदा जावं लागलं, तर सरासरी २०० नॅनोसेकंद. वेग निम्मा.

हजारात एकदा जावं लागलं, तर सरासरी १०,१०० नॅनोसेकंद. कॉम्प्युटर शंभर पट संथ. म्हणजे हजारातल्या ९९९ वेळा सगळं सुरळीत होऊनही तुम्ही माउस आपटणार.

आता हाच हिशेब उलटा वाचा. हजारात एकदा जाणारा पीसी असेल तर थोडी रॅम टाकल्यावर तो शंभर पट सुटल्यासारखा वाटेल. दहा लाखांत एकदा जाणारा असेल तर कितीही रॅम टाका, जास्तीत जास्त दहा टक्के मिळतील. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकच रॅम घेतलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक म्हणतो ‘जबरदस्त फरक पडला’ आणि दुसरा म्हणतो ‘पैसे पाण्यात’. दोघंही खरं बोलत असतात.

माझ्या कामातलं उदाहरण देते. आमच्या गणितात आकड्यांचे मोठे चौकोनी तक्ते असतात. प्रत्येक आकड्याला ८ बाइट. १० हजार बाय १० हजारचा तक्ता ०.८ जीबी घेतो, २० हजारांचा ३.२ जीबी आणि ४० हजारांचा १२.८ जीबी. बाजू दुप्पट, जागा चौपट. पहिला तक्ता ८ जीबीच्या मशीनवर सोडवा नाहीतर ३२ जीबीच्या, बाकी सगळं सारखं असेल तर वेळ तोच. तिसरा तक्ता मात्र ३२ जीबीवर तासांत मोजायचा आणि ८ जीबीवर त्याची वाटच बघू नये.

रॅम वाढवल्यावर उलट स्लो?

हो, असंही झालंय. कागदावर आणि बाजारात, दोन्हीकडे.

कागदावरचं आधी. १९६९ साली आयबीएममधल्या लास्लो बेलाडीने सहकाऱ्यांसह एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. समजा टेबलावर तीनच वह्या मावतात. नवी वही हवी असेल तर जी सगळ्यात आधी आणली होती ती परत कपाटात ठेवायची, एवढाच नियम. तुम्हाला वह्या या क्रमाने लागतात: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. कपाटाकडे किती खेपा होतात मोजा. नऊ होतील. आता चार वह्या मावतील एवढं टेबल घ्या आणि पुन्हा मोजा. दहा! कागद-पेन घेऊन खरंच करून बघा, त्याशिवाय विश्वास बसत नाही. दोष टेबलाचा नाही, नियमाचा. ‘जी बराच वेळ वापरली नाही ती ठेवून दे’ असा नियम केला, तर मोठ्या टेबलावर खेपा कधीच वाढत नाहीत. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम साधारण याच धाटणीचे नियम वापरतात.

बाजारातलं उदाहरण नव्वदच्या दशकातलं. पेंटियमच्या बोर्डांवर इंटेलचा ४३०टीएक्स नावाचा चिपसेट बराच चालला. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये एक छोटी, जास्त जलद मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. म्हणजे गव्हाणच म्हणा. तर या चिपसेटची कॅश रॅमच्या पहिल्या ६४ एमबीपुरतीच काम करायची. हौसेने १२८ एमबी टाकली की वरच्या ६४ एमबीतला माल गव्हाणीला वळसा घालून संथपणे यायचा. काही कामं त्यामुळे आधीपेक्षा हळू व्हायची. पैसे जास्त, वेग कमी.

आपल्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा

मग ‘रॅम टाका, पळेल’ ही समजूत इतकी पक्की कशी झाली? कारण एका काळात ती खरी होती.

विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. २००१ च्या एक्सपीला किमान ६४, आणि १२८ असावी अशी शिफारस. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाला किमान ५१२. बारा वर्षांत १२८ पट! नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर शिरला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे क्लास निघाले आणि पोरांच्या सरावासाठी घरात जुळणी केलेला पीसी आला. बजेट सांभाळायचं म्हणून रॅम किमान घातलेली, आणि त्यावर एक्सपी, अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर. चालू पसारा पहिल्या दिवसापासून रॅमच्या बाहेर. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझायचाच नाही. अशा मशीनमध्ये १२८ एमबीची आणखी एक पट्टी बसवली की ते खरोखर जिवंत व्हायचं. बसवून देणाऱ्या मेकॅनिकने कुणाला फसवलं नव्हतं. त्याचा तोडगा त्या रोगावर अचूक होता.

फसवणूक मात्र दुसरीकडे झाली. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. रॅम न घेता मेमरी दुप्पट करून देतो, असा दावा. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी आतला कोड उघडून पाहिला तर त्यात मेमरी वाढवणारं काही नव्हतंच. १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. ‘एका क्लिकमध्ये रॅम मोकळी करा’ म्हणणारी ॲप आजही फोनवर दिसतात, ती त्याच कुळातली.

आज काय करावं

विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे विंडोज ९५ च्या १०२४ पट. पण आता दोन गोष्टी बदलल्यात.

पहिली म्हणजे एसएसडी. मघाशी २८ तासांची फेरी १५-२० मिनिटांवर आली होती, आठवतंय ना? म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅमच्या आधी एसएसडी बसवा. चालू होणं, फाइल उघडणं, सगळ्यातच फरक पडतो, कारण त्या वेळी माल शिवारातूनच यायचा असतो. तिथे यार्ड कितीही मोठं असून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, रिकामी जागा ऑपरेटिंग सिस्टिम आता फुकट जाऊ देत नाही. नुकत्याच वापरलेल्या फाइल ती तिथे धरून ठेवते. त्यामुळे ‘रॅम भरलेली दिसते’ याचा अर्थ ‘रॅम कमी पडते’ असा होत नाही.

मग ओळखायचं कसं? डेनिंगने दाखवलेल्या वाटेनेच: चालू पसारा मोजा. नेहमीची सगळी कामं एकदम उघडा, ब्राउझरचे टॅब, एक्सेल, मुलांचा ऑनलाइन क्लास, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन अडखळत असताना त्याच्याकडे बघा.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सतत राबतेय? रॅम टाका, पैसे वसूल होतील. मेमरी साठ टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर शंभरावर? रॅमचा उपयोग नाही, मिलच लहान आहे. मेमरी कमी, प्रोसेसर कमी, पण डिस्क शंभरावर? एसएसडी. तिन्ही निवांत आणि वेबसाइटच उघडत नाही? मग तक्रार इंटरनेटवाल्याकडे.

एक बारकावा: लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर जोडीची पट्टी बसवल्यावर दोन्ही वाटांनी माल येतो. गेम आणि व्हिडिओच्या कामात त्याचा फायदा दिसतो. रॅमने वेगही वाढल्याची ही एक जागा, पण तिथेही श्रेय जागेला नाही, वाढलेल्या वाटेला आहे.

वारणेचा धडा

शेवटची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभी राहिली. त्या काळी देशभर त्याची चर्चा झाली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे गेले. त्यांनी केंद्रांवर काय काम होतंय ते पाहिलं. मुख्य काम होतं ऊस उत्पादकांच्या सहकारी व्यवहारातल्या माहितीची देवघेव.

संशोधकांनी पीसी आणखी ताकदवान केले नाहीत. सात गावांत आठ महिने त्यांनी तेच काम साध्या मोबाइलवरून एसएमएसने करून बघितलं. पीसीवर होणारं सगळं काम झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं.

एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट. टिफ्रॅकच्या १० किलोबाइटमध्ये असे सत्तरहून जास्त एसएमएस बसले असते. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती एवढीशी होती. ती आणायला आख्खा पीसी लागतो, हे आपणच धरून चाललो होतो.

म्हणून दुकानात जाऊन ‘किती जीबी टाकू?’ विचारण्याआधी घरी एक प्रश्न स्वतःला विचारा: माझं काम नेमकं कुठे थांबतंय? डेटा सेंटरांच्या मागणीमुळे अलीकडे रॅम महागली आहे. अशा वेळी पाच मिनिटं टास्क मॅनेजर बघायला काही पैसे पडत नाहीत. आणि कधी कधी उत्तर असं निघतं की मशीन ठीक आहे, उघडून ठेवलेले चाळीस टॅब तेवढे बंद करायचेत.